मधल्या खोलीचे टेकू

आमच्या गावच्या शाळेच्या मधल्या खोलीचा स्लॅब सबंध गावानं डोक्यावर तोलून धरला होता. मी असं म्हटलं की ऐकणारे एकमेकांकडे बघतात, म्हणजे झाली याची सुरुवात. पण यात थाप एवढीच, की डोक्यावर नव्हे, लाकडांवर. लाकडं मात्र खरोखरच सबंध गावाची होती. गोठ्याच्या मेढी होत्या, लग्नाच्या मांडवाचे खांब होते, बैलगाड्यांच्या दांड्या होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कोप्यांचे वासे होते. एका म्हातारीनं तर स्वतःच्या तिरडीसाठी माळ्यावर जपून ठेवलेले दोन कळक काढून दिले आणि बजावलं, "काम झालं की आणून दे. तवर मी काय मरत न्हाई."

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. गाव शेवगावच्या पलीकडं, कोरडवाहू. बाजरी हाती आली की निम्मं गाव दिवाळीनंतर गाड्या जुंपून बागायतीकडं, कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं, ते उन्हाळ्यात परत यायचं. शाळा चावडीत भरायची. तलाठी आला की पोरं बाहेर उन्हात आणि तलाठी आत सावलीत. शेवटी झेडपीनं तीन खोल्यांची दगडी शाळा मंजूर केली, आणि तीही पत्र्याची नव्हे, स्लॅबची. गावातला पहिला स्लॅब. लोक भिंती चढताना बघायला यायचे आणि विचारायचे, वर दगडाचं छत घालणार म्हणे, मग ते खाली कसं पडत नाही?

ते पडू न देणं हा माझा धंदा. मी सेंटरिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतला तेव्हा तो नुसता चिखल असतो. त्याच्या अंगात जोर येईपर्यंत खालून कुणीतरी धरून ठेवावं लागतं. खाली उभे टेकू, टेकूंवर आडवे वासे, वाशांवर फळ्या, फळ्यांच्या फटींत माती. प्रत्येक टेकूच्या बुडाशी पाचरींची जोडी. मोगरीनं पाचर ठोकली की टेकू केसभर वर सरकतो आणि भार अंगावर घेतो. एकवीस दिवस हे सगळं जागचं हलवायचं नाही. मग पाचरी सैल करायच्या, लाकडं उतरवायची, आणि दुसऱ्या गावाला जायचं. गवंड्यानं बांधलेली भिंत त्याच्या नातवाला दाखवता येते. माझ्या नातवाला मी काय दाखवणार? छताखालची मोकळी हवा?

म्हणून मी बोलून दाखवायचो. नगरला ठेकेदाराकडे पाच वर्षं काढून मी गावात परत आलो होतो तो पँट घालून आणि तोंडात गोष्टी भरून. छावणीत मिलिटरीच्या गोदामाचं सेंटरिंग मी इतकं पक्कं केलं की साहेबानं खात्री करायला वरून रणगाडा नेला, ही माझी गाजलेली गोष्ट. तो रणगाडा गोदामाच्या माथ्यावर चढला कसा, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचंही उत्तर तयार होतं. गावात मला लहानपणापासून थापाड्या म्हणायचे, पण प्रेमानं म्हणायचे. पारावर मी आलो की तंबाखूची चंची आधी माझ्याकडे यायची.

लाकडं गावाची का, तर ठेकेदाराकडच्या बल्ल्या बाजूच्या दोन खोल्यांनाच पुरल्या. मधली खोली सगळ्यांत मोठी, आणि तिच्यासाठी त्यानं हात वर केले. तेव्हा सरपंचांनी चावडीत लोक जमवले. आमच्याकडं लग्नाचा मांडव असला की घरटी लाकूड द्यायची रीत आहे. प्रत्येक घराची गेरूची खूण ठरलेली, कुणाची फुली, कुणाचे तीन ठिपके, कुणाचं त्रिशूळ. लग्न उरकलं की ज्याचं त्यानं आपली खूण बघून उचलायचं, विचारायचं नसतं. शाळेलाही तसंच द्या, असं सरपंच म्हणाले. लोक कचरत होते. गाडीची दांडी मोडली तर ऊसतोडीला काय घेऊन जायचं?

तिथं मी उभा राहिलो. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते. मी म्हणालो, "तुमच्या लाकडाला ओरखडा आला तर मला बोला. माझं सेंटरिंग असं असतं की निम्मे टेकू काढून नेले तरी वरचा स्लॅब म्हणेल, अरे, गेलं कोण?"

चावडी हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून लाकडं यायला लागली.

लाकडं पारखून घेतली ती माझ्या दादानं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, गावचा सुतार. माझे वडील लवकर गेले. हातात तासायचा वाकस कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची, हे मला दादानं शिकवलं. मी जेवढा बडबड्या तेवढा तो गप्प. लाकूड उभं करून त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि आतून किडलेलं असलं तर काही न बोलता बाजूला टाकायचा. मी नगरला शिकून आलेला, पण मधल्या खोलीचे टेकू आम्ही दोघांनी मिळून उभे केले. कुठली गाडीची दांडी कुठं चालेल, कुठल्या वाशाला खाली ठोकळा द्यावा लागेल, हे त्याच्या नजरेला आधी कळायचं. दोन महिने मी त्याच्याच घरी जेवलो. वहिनीच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन मी असा फुगलो होतो की टेकूंच्या रांगेतून आडवा होऊन जावं लागे. हे थोडं वाढवून सांगतोय. रांगा दाट होत्या, हे मात्र खरं. त्या खोलीत माणसाला सरळ चार पावलं टाकता येत नव्हती.

घोळ झाला तो सिमेंटचा. सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि परमिट साहेबाच्या टेबलावर. भाद्रपदात ओतायचा स्लॅब दसऱ्यावर गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाचा ओतला. सबंध गाव घमेली वाहायला आलं होतं. नारळ फुटला, गुळाची लापशी झाली, आणि जेवणावळ उठल्यावर मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की हे लग्न नव्हे, जेवण झालं म्हणून मांडव सोडायचा नाही. एकवीस दिवस. पाडव्याला शेवटचा दिवस येतो, भाऊबीज करून गाड्या जुंपा. हिशोब बसत होता. लोकांनी माना डोलावल्या. स्लॅबवर मातीचे वाफे घालून त्यांत पाणी भरलं, आणि रोज विहिरीवरून पिपं आणून ते भरत राहायचं ठरलं.

पाचव्या दिवशी टोळीचा मुकादम आला. यंदा ऊस कमी, वाळायच्या आत गाळायचा आहे, कारखान्याचा बॉयलर दिवाळीच्या आधीच पेटतोय. गाड्या नवव्या दिवशी निघाल्या पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्या गावच्या टोळीला.

त्या संध्याकाळी लोक चावडीत नाही, दादाच्या अंगणात जमले. गाडी म्हटलं की गावाला सुतारच आठवणार. आरडाओरडा कुणी केला नाही. नुसते बसून राहिले. दांडीशिवाय गाडी कशी जोडायची, वाशांशिवाय कोपी कशी उभी करायची, बायकापोरांना थंडीत कुठं निजवायचं, एवढंच एकेक जण बोलत होता. त्यांचं काही चूक नव्हतं. मी म्हणालो, मी उद्याच नगरला जातो. ठेकेदाराकडून बल्ल्या आणतो. आधी माझी बल्ली उभी राहील, तिची पाचर ठोकली जाईल, मगच तुमचं लाकूड निघेल. एकेक करून सगळं परत देतो. पण मी येईपर्यंत एकाही पाचरीला हात लावायचा नाही. ओल्या स्लॅबखालून टेकू गेला तर शाळाही गेली आणि माझं नावही गेलं.

निघताना मी दादाला म्हणालो, "तुझ्या भरवशावर चाललोय."

"जा तू," तो म्हणाला. "मी हाय न्हवं हितं."

नगरला ठेकेदार दोन दिवस भेटला नाही. भेटला तेव्हा म्हणाला, बल्ल्या दुसऱ्या कामावर अडकल्यात. मी त्याच्या ओट्यावर ठाण मांडलं. त्याच्या बायकोला रणगाड्याची गोष्ट सांगितली, म्हाताऱ्या बापाला सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली. शेवटी माझी ब्याद टळावी म्हणूनच बहुतेक, त्यानं कुठल्यातरी गोदामातून बल्ल्या काढून एक ट्रक भरून दिला. नवव्या दिवशी सकाळी मी त्या बल्ल्यांच्या ढिगावर बसून गावाकडे निघालो. इतका खूश होतो की वाटेत भेटलेल्या प्रत्येक गुराख्याला हात करत होतो.

गावाच्या अलीकडे पाचेक मैलांवर समोरून गाड्या येताना दिसल्या. आमच्या गावच्या. रांगेनं, संसार लादलेल्या, वर भांड्यांची गाठोडी, कोंबड्यांची खुराडी, मागं बांधलेली शेळी. मी लांबून ओळखून हात केला. मग गाड्या जवळ आल्या आणि माझा हात तसाच वर राहिला.

गाड्यांवर बांधलेल्या वाशांवर सिमेंटचे ओघळ होते. गेरूच्या फुल्या, ठिपके, त्रिशूळ, सगळ्या खुणांवरून सिमेंटचं पाणी वाळून पांढरं झालं होतं. दोन गाठींचा तो बाभळीचा वासा मी स्वतः मधोमध उभा केला होता. गाठीवरून ओळखला.

पहिल्या गाडीवाल्यानं बैल थांबवले. चांगला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्यानं खालूनच राम राम घातला.

"मिस्त्री, तुमचा निरोप मिळाला बरं का. लई उपकार झाले. लाकडं येळंवर हाती आली."

"कसला निरोप?"

"आता काय. तुमीच न्हाई का धाडला? स्लॅब वाळला, ज्याचं त्यानं न्यावं म्हनून."

मी म्हणालो की मी काही धाडलेलं नाही. तो मागच्या गाडीकडे वळून हसला. "तुमची गंमत काय जायची न्हाई," असं म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक दिली. एकामागून एक गाड्या ट्रकच्या बाजूनं निघून गेल्या. प्रत्येक जण मला हात जोडत होता. इतके आभार माझे आयुष्यात कधी कुणी मानले नाहीत.

मधल्या खोलीत गेलो तर आत ऊन पडलेलं. खिडक्यांतून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. त्या खोलीची मी दोन महिन्यांत कधी भिंत पाहिली नव्हती, मध्ये सारखी लाकडांची गर्दी. आता एकाआड एक टेकू गेलेला, कुठं कुठं ओळीनं दोन गेलेले, आणि आडवे वासे वाकलेले. वर वाफ्यांतलं पाणी सगळं मध्ये गोळा झालं होतं, कारण स्लॅबला पोट सुटलं होतं. चिरेतून थेंब पडत होते. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणली आणि मधोमध हात लावून मोजलं. ही गोष्ट मी कामाकामांवर सांगत आलो आणि सांगताना पोट वाढत वाढत हातभर झालं. ते चार बोटं होतं. चार बोटं पुरेशी असतात.

ट्रकवरच्या हमालांना घेऊन आधी वरचे वाफे फोडले, पाणी खाली सोडलं. मग दुपारभर नव्या बल्ल्या उभ्या केल्या आणि पाचरी ठोकल्या, ठोकल्या, हाताला फोड येईपर्यंत ठोकल्या. आणखी खाली येण्यापासून तो थांबला. पण नऊ दिवसांचा स्लॅब म्हणजे भाजलेलं मडकं. वाकडं भाजलं ते भाजलं. पाचरीनं वर उचलायला गेलं की चीर वाढायची.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो अंगणात एक जू तासत बसला होता. मी जवळ उभा राहिलो तरी त्याचा हात थांबला नाही.

"निरोप कुणी दिला?"

"म्या."

"माझ्या नावानं?"

"माज्या नावानं कोन ऐकनार? सेंटरिंग तुजं." त्यानं जू फिरवून दुसरी बाजू वर घेतली. "तूच म्हनला हुतास, निम्मे काढले तरी हलत न्हाई. म्या निम्मेच काढू दिले. एकाआड एक. उभा ऱ्हाऊन."

"ती थाप होती दादा. चावडीत मारलेली थाप. तुला कळत नव्हतं?"

वाकसाचा आवाज थांबला.

"कळत हुतं," तो म्हणाला.

त्याला कळलं नसतं तर मी त्याला तिथल्या तिथं माफ केलं असतं. अडाणी माणूस, धाकट्या भावाच्या बढाईवर भुलला, म्हणून ती गोष्ट मी पुढं हसत हसत सांगितली असती. पण बोटाच्या पेरानं लाकडाच्या आतली कीड ओळखणारा तो माणूस. माझी थाप त्याला ऐकतानाच पोकळ लागली होती, आणि ती त्यानं टेकू म्हणून उभी केली.

"मग का केलंस?"

"तू जाशील नगरला. दुसरं गाव, दुसरा स्लॅब. मला हितं ऱ्हायचंय. तू गेल्यापासनं रोज सकाळी समदे दारात येऊन बसायचे. कुनी वाकडं बोलत न्हवतं, नुसते बसायचे. गाड्या आडल्या असत्या तर पुढल्या साली माज्याकडं जू घिऊन कोन आलं असतं?"

वहिनीनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि ती माझ्याकडे न बघता आत गेली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, झालं ते झालं. झेडपीचे साहेब चार दिवसांत पाहणीला येतील. ते विचारतील, टेकू कुणाच्या सांगण्यावरून काढले. तेव्हा तेवढं खरं सांग. गावासमोर सांगू नकोस, वाटलं तर साहेबांना बाजूला घेऊन सांग. माझं नाव एवढं सोडव. नाहीतर मला जिल्ह्यात कुणी टेकू लावू देणार नाही.

"बघू," तो म्हणाला, आणि पुन्हा तासायला लागला.

मी त्या "बघू"वर चार दिवस काढले. जेवायला त्याच्याकडे गेलो नाही, शाळेच्या ओट्यावर चुरमुरे खाऊन झोपलो. पण मनातून वाटत होतं, बोलेल. कमी बोलणारा माणूस आहे, वेळ आली की नेमकं बोलेल.

झेडपीचे डेप्युटी साहेब जीपनं आले. त्यांनी सुतळी लावली, चिरेत पेन्सिल घालून पाहिली, हातोडीनं खालून ठोकून पाहिलं. मग बाहेर ओट्यावर खुर्ची टाकली गेली आणि राहिलेलं गाव भोवती उभं राहिलं, म्हातारी माणसं, बायका, आणि ज्यांची गाडी नव्हती ते. साहेबांनी विचारलं, नवव्या दिवसाच्या आत टेकू काढायला कुणी सांगितलं?

सरपंच म्हणाले की मिस्त्रीचा नगरहून निरोप आला होता, म्हणून लोकांनी आपापलं नेलं.

मी म्हणालो, मी निरोप दिला नाही. एवढंच वाक्य. त्याला शेपूट जोडलं नाही, हात हलवले नाहीत. माझ्या आयुष्यात बिनमिठामसाल्याचं एवढं वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन. आणि लोक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता रनगाडा काढतोय बघा." साहेबांना रणगाड्याचं कुणीतरी कानात सांगितलं. तेही तोंड दाबून हसले.

मग ते दादाकडे वळले. "देखरेख तुमच्याकडं होती ना? निरोप आला होता का?"

दादा पुढं आला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आला हुता, साहेब."

"कुणी आणला?"

"येष्टीच्या कंडक्टरनं. उभ्या उभ्या सांगून गेला. चिठ्ठी न्हवती."

मी जन्मभर थापा मारल्या. माझ्या थापांचे सांधे बाहेरून दिसतात, त्यात खिळे असतात, कुठं कुठं फट असते, आणि लोकांना ते ठाऊक असतं. तीच तर त्यांतली मजा. पण दादानं उभी केलेली ही थाप सुताराच्या खाच आणि कुसाच्या जोडासारखी बसली होती, नखही आत जाणार नाही अशी. कंडक्टर. रोज बदलणारा. उभ्या उभ्या. चिठ्ठी नाही. मला क्षणभर, खोटं कशाला सांगू, त्या कामाचं कौतुकच वाटलं.

साहेबांनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?"

"भाऊ."

"मग भाऊ कशाला खोटं बोलेल?"

याला उत्तर होतं. त्याला इथं राहायचंय म्हणून. लोक रोज सकाळी त्याच्या दारात येऊन बसत होते म्हणून. पुढं मी ही गोष्ट सांगताना म्हणायचो की भावाला गावात उघडं पाडायचं नाही, म्हणून मी ओठ मिटले. ऐकणारे डोळे पुसायचे. ते खरं नाही. मला त्या वेळी काहीच सुचलं नाही.

साहेबांनी तिथंच निकाल दिला. बाजूच्या दोन खोल्या ठेवायच्या. मधल्या खोलीचा स्लॅब फोडून काढायचा. पुढं त्या खोलीवर पत्रे पडले, आणि शाळा दोन अंगांना पक्की, मध्ये पत्र्याची अशी बरीच वर्षं होती. मला कामावरून कमी केलं. ठेकेदाराकडेही साहेब स्वतः बोलणार होते. फक्त एक काम मला करून जायचं होतं. स्लॅब फोडायचा झाला तरी तो आधी खालून नीट धरावा लागतो. नाहीतर एका जागी घण बसला की सगळाच फोडणाऱ्यांच्या अंगावर यायचा. तेव्हा जाण्याआधी फोडण्यापुरतं सेंटरिंग करून द्या, असं ते म्हणाले. म्हणजे माझ्या हातून त्या खोलीला तिसऱ्यांदा टेकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बल्ल्या आत ओढत होतो. गाव अर्धं रिकामं, हमाल गेलेले. थोड्या वेळानं दारात दादा येऊन उभा राहिला, हातात मोगरी. मी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एकट्यानं होण्यासारखं ते काम नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं आत येऊन बल्ली उभी धरली, मी वरचा वासा बसवला, त्यानं बुडाशी पाचरींची जोडी सरकवली आणि ठोकली. हात तोच. तीन ठोके, मग थांबून कान देणं, मग चौथा. हे ठोकणं मी त्याच्याच मांडीशी बसून शिकलो होतो.

तो पुढच्या बल्लीकडे गेला, आणि मी खाली वाकून त्यानं ठोकलेली पाचर माझ्या मोगरीनं पुन्हा ठोकून पाहिली. घट्ट होती. दुसरी पाहिली. तीही घट्ट. तिसरीला मी वाकलो तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं.

त्यानं पुढची बल्ली उभी धरली, पाचर सरकवली, पण ठोकली नाही. मोगरी खाली ठेवून तो बाजूला सरला आणि मी ती ठोकेपर्यंत नुसती बल्ली धरून उभा राहिला. त्यानंतर दिवसभर तो लाकडं धरत होता आणि पाचरी मी ठोकत होतो.